ई. कोलायच्या पेरिप्लाझममध्ये प्रथिन बनवताना: सिग्नल पेप्टाइड निवडण्यापासून घडी तपासण्यापर्यंत

प्रथिन भरपूर बनलं, जेलवर जाडजूड बँड आला, पण ते काम काही करेना, ही तक्रार प्रथिनांवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत ऐकू येते. त्या प्रथिनात डायसल्फाइड बंध (दोन सिस्टीन अमिनो आम्लांना जोडणारा गंधकाचा बंध) असतील तर कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. ई. कोलायच्या पेशीद्रव्यात थायोरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोनच्या यंत्रणा सतत काम करतात आणि सिस्टीनच्या जोड्या जुळूच देत नाहीत. जोड्या जुळतात त्या आतल्या आणि बाहेरच्या पटलाच्या मधल्या जागेत, म्हणजे पेरिप्लाझममध्ये. म्हणून प्रतिपिंडांचे तुकडे, संप्रेरकं, विषद्रव्यं, बाहेर काम करणारी एन्झाइम्स असं काही बनवायचं असेल तर प्रथिन तिथे पोचवणं हा सरळ मार्ग ठरतो.

मार्ग जुना आहे. १९७८ साली जेनेंटेक या अमेरिकन कंपनीने मानवी इन्सुलिनच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंत बनवून नंतर परीक्षानळीत जोडल्या. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांच्या गटाने उंदराचं प्रोइन्सुलिन पेनिसिलिनेजला जोडलं आणि ते पेरिप्लाझममध्ये उतरल्याचं दाखवलं. १९८८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी प्रतिपिंडाचे तुकडे ई. कोलायमधून घडी बसलेल्या (म्हणजे साखळी दुमडून योग्य आकारात आलेल्या), काम करणाऱ्या अवस्थेत मिळवले. रेटिनाच्या आजारात डोळ्यात टोचलं जाणारं रॅनिबिझुमॅब याच वाटेने आलं. अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतंजुळतं जैव-औषध) २०१५ मध्ये बाजारात आलं.

हा लेख एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचं काम नुकतं सुरू केलेल्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून मी नॅनोबॉडी घेतली आहे. उंटाच्या प्रतिपिंडातला हा एकच भाग, वजन सुमारे १५ किलोडाल्टन, आत एक डायसल्फाइड बंध (उंटाच्या काही नॅनोबॉडीत दुसराही असतो). आकाराने लहान आणि स्वभावाने सरळ असल्यामुळे पद्धत शिकायला तिच्यासारखं प्रथिन नाही. सगळ्या पायऱ्यांमध्ये मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पटल ओलांडेपर्यंत घडी बसू द्यायची नाही, आणि ओलांडलं की घडीला पुरेसा वेळ द्यायचा. बाकीच्या युक्त्या यातूनच निघतात.

आधी रस्ता नीट समजून घ्या

ई. कोलायमधली बाहेर जाणारी बहुतेक प्रथिनं सेक मार्गाने जातात. प्रथिनाच्या सुरुवातीला साधारण २० ते २५ अमिनो आम्लांचा सिग्नल पेप्टाइड असतो. रायबोसोममधून साखळी बाहेर पडतानाच पेशीला ठरवावं लागतं की हिला कोणत्या वाटेने न्यायचं. सिग्नल पेप्टाइड खूप जलविरोधी असेल तर एसआरपी नावाचा कण तो पकडतो आणि रायबोसोमसकट सगळा संच आतल्या पटलावर नेऊन बसवतो. मग भाषांतर आणि पटल ओलांडणं एकाच वेळी चालतं. तो तितका जलविरोधी नसेल तर प्रथिन आधी पेशीद्रव्यात जवळजवळ पूर्ण बनतं, सेकबी हा शॅपरॉन (घडी सांभाळणारं मदतनीस प्रथिन) त्याला उलगडलेलं ठेवतो, आणि सेकए त्याला दारापर्यंत आणते.

दार म्हणजे सेकवायईजी ही वाहिनी. तिची रचना २००४ मध्ये टॉम रॅपोपोर्ट यांच्या गटाने एका आर्कियाच्या प्रथिनावरून दाखवली. वाहिनी मध्यभागी आवळलेली आहे. त्या अरुंद जागी जलविरोधी अमिनो आम्लांचं कडं आहे आणि खालून एक छोटा भाग बुचासारखा बसलेला असतो. त्यामुळे दार बंद असताना आयन गळत नाहीत. सेकए एटीपी खर्च करून साखळी टप्प्याटप्प्याने आत ढकलते आणि पटलावरचा प्रोटॉनचा दाबही मदतीला येतो. दोऱ्याला गाठ पडली की तो सुईच्या नाकातून जात नाही. घडी बसलेल्या प्रथिनाचं इथे तेच होतं. १९८६ मध्ये लिंडा रँडल आणि सायमन हार्डी यांनी माल्टोज बांधणाऱ्या प्रथिनावर हे स्पष्ट दाखवलं: पेशीद्रव्यात एकदा त्याची पक्की घडी बसली की ते बाहेर जाण्याच्या लायकीचं राहत नाही.

पलीकडे पोचल्यावर सिग्नल पेप्टिडेज सिग्नल कापून टाकते आणि प्रथिन मोकळं होतं. आता ते अशा जागी आहे जिथे एटीपी नाही. पेशीद्रव्यातले एटीपीवर चालणारे शॅपरॉन इथे कामाला येत नाहीत. घडीची भिस्त असते स्कप, सुरए, एफकेपीए या मदतनीस प्रथिनांवर आणि डायसल्फाइडच्या यंत्रणेवर. या यंत्रणेतला डीएसबीए १९९१ मध्ये जॉन बेकविथ यांच्या प्रयोगशाळेत सापडला. तो साखळीतल्या सिस्टीनच्या जोड्या झपाट्याने जुळवतो. स्वतः वापरला गेला की डीएसबीबी त्याला पुन्हा तयार करतो आणि त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन युबिक्विनोनमार्गे शेवटी ऑक्सिजनपर्यंत जातात. कल्चरला हवा का लागते, याचं एक कारण हेही आहे. चुकलेल्या जोड्या सोडवून पुन्हा जुळवण्याचं काम डीएसबीसी करतो आणि त्याला लागणारे इलेक्ट्रॉन डीएसबीडी पेशीद्रव्यातून पुरवतो. घडी बसलीच नाही तर डीगपी हा प्रोटिएज प्रथिनाचे तुकडे करतो.

पायरी १: हे प्रथिन पाठवण्यासारखं आहे का?

क्लोनिंगला हात लावण्याआधी प्रथिनाचा क्रम समोर घ्या आणि सिस्टीन मोजा. कोणतं सिस्टीन कुणाशी जुळतं, हे रचनेवरून किंवा युनिप्रोट या प्रथिनांच्या माहितीकोशातल्या नोंदीवरून लिहून काढा. पहिलं दुसऱ्याशी, तिसरं चौथ्याशी अशा क्रमाने जोड्या असतील तर डीएसबीए एकटा बहुतेक निभावतो, कारण साखळी वाहिनीतून ज्या क्रमाने बाहेर येते त्या क्रमाने तो जोड्या लावत जातो. पहिलं चौथ्याशी, दुसरं तिसऱ्याशी अशी गुंतागुंत असेल तर आधी चुकीचे बंध होणार आणि डीएसबीसीची गरज लागणार, हे गृहीत धरा. ई. कोलायचं स्वतःचं फायटेज एन्झाइम याचं चांगलं उदाहरण आहे. त्याच्या चार बंधांपैकी एकच आडवा जातो, पण तेवढ्यासाठी त्याला डीएसबीसी लागतो.

मग साखळीच्या मध्ये कुठे लांब जलविरोधी पट्टा आहे का ते पाहा. असा पट्टा वाहिनीतून जाताना पटलातच अडकू शकतो. मूळचं पेशीद्रव्यातलं, झटपट घडी बसणारं प्रथिन या मार्गाने पाठवण्याचा हट्ट धरू नका. साधं जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) सेक मार्गाने पेरिप्लाझममध्ये पाठवलं तर ते चमकत नाही. टॅट मार्गाने, म्हणजे आतच घडी बसवून पाठवलं तर चमकतं. एवढ्यावरून दोन्ही मार्गांतला फरक लक्षात येतो.

प्रथिनात डायसल्फाइड नसेल आणि ते पेशीद्रव्यात सुखाने विरघळत असेल, तर पेरिप्लाझमच्या वाटेला जाऊच नका. तिथली जागाही कमी आणि दारंही मोजकी.

पायरी २: सिग्नल पेप्टाइड

सगळ्यात जास्त वापरला जातो तो पेलबी. त्याची २२ अमिनो आम्लं अशी: एम-के-वाय-एल-एल-पी-टी-ए-ए-ए-जी-एल-एल-एल-एल-ए-ए-क्यू-पी-ए-एम-ए. हा क्रम एकदा डोळ्यांखालून घाला, कारण कोणताही सिग्नल वाचायची रीत यात आहे. दुसऱ्या जागी के, म्हणजे लायसिन, म्हणजे धन भार. हा टोकाचा भाग पेशीद्रव्याच्या बाजूलाच राहतो. मधला एल आणि ए यांचा पट्टा जलविरोधी असतो आणि वाहिनीत शिरतो तो हाच. शेवटचे ए-एम-ए: कापण्याच्या जागेपासून मागे मोजलं तर पहिलं आणि तिसरं अमिनो आम्ल लहान असावं लागतं, आणि इथे दोन्ही ठिकाणी अ‍ॅलानिन आहे.

माझा सल्ला असा की एकाच सिग्नलवर विसंबू नका. पेलबी, ओएमपीए आणि डीएसबीएचा स्वतःचा सिग्नल असे तीन क्लोन एकदमच करा. डीएसबीएचा सिग्नल एसआरपीच्या वाटेने जातो. त्यामुळे आतल्या आत लवकर घडी घेणारं प्रथिन पेलबीने अडकलं तरी डीएसबीएच्या सिग्नलने निघून जाण्याची शक्यता असते. कोणता सिग्नल कोणत्या प्रथिनाला जमेल हे आधीच खात्रीने सांगता येत नाही. सिग्नलपी ६.० मध्ये क्रम टाकून कापण्याची जागा जरूर तपासा, पण उत्पादन किती येईल हे ते साधन सांगत नाही.

सिग्नलनंतर लगेच येणारी अमिनो आम्लंही तितकीच महत्त्वाची. पहिलंच अमिनो आम्ल प्रोलीन असेल तर सिग्नल पेप्टिडेज कापत नाही. पहिल्या १५-२० अमिनो आम्लांत लायसिन आणि आर्जिनिनची गर्दी असेल तर साखळी वाहिनीत शिरायलाच अडते. नॅनोबॉडीची सुरुवात क्यू-व्ही-क्यू-एल-क्यू-ई-एस-जी-जी-जी अशी असते. तिथे एकही धन भार नाही, म्हणून तिला ही अडचण येत नाही. तुमच्या प्रथिनात असेल तर मध्ये काही उदासीन अमिनो आम्लं घालून पाहा. हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला हिस्टिडिनचा शेपटा, जो निकेलला चिकटतो) शक्यतो शेवटच्या टोकाला ठेवा.

पीईटी-२२बी प्लाझ्मिड वापरणाऱ्यांसाठी दोन बारकावे. एनकोवन एन्झाइमच्या जागेत क्लोन केलं तर सिग्नल कापल्यानंतर पुढे एक जादा मेथिओनिन राहतं. ते नको असेल तर शेजारची एमएससीवन जागा वापरा. आणि टॅग शेवटी हवा असेल तर रिव्हर्स प्रायमरमधून स्टॉप कोडॉन काढला आहे ना, हे ऑर्डर देण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.

पायरी ३: स्ट्रेन आणि प्रमोटर

बीएल२१(डीई३) ही स्ट्रेन आणि टी७ प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) ही जोडी पेशीद्रव्यासाठी उत्तम आहे, पण पेरिप्लाझमसाठी ती फार घाईची पडते. टी७ पॉलिमरेज इतक्या वेगाने आरएनए बनवते की सेकच्या दारांना ते झेपत नाही. पेशीची स्वतःची गरजेची प्रथिनंही दारात अडकतात, वाढ खुंटते आणि तुमचं प्रथिन सिग्नलसकट आत गोळा होऊन बसतं. यावर उपाय म्हणजे वेग कमी करता येईल अशी व्यवस्था. लेमो२१(डीई३) या स्ट्रेनमध्ये ऱ्हॅम्नोज घालून टी७ पॉलिमरेजला लगाम घालता येतो. ऱ्हॅम्नोज शून्यापासून २ मिलिमोलरपर्यंत चार-पाच पातळ्यांवर चालवून पाहा. बहुतेक वेळा सर्वोत्तम पातळी मध्येच कुठेतरी सापडते. नॅनोबॉडीसाठी डब्ल्यूके६ स्ट्रेन आणि साधा लॅक प्रमोटर ही जुनी जोडीही भरवशाची आहे.

शफल स्ट्रेनबद्दल नेहमी विचारलं जातं. तिच्यात पेशीद्रव्याचीच रासायनिक स्थिती बदललेली आहे आणि डीएसबीसी तिथेच ठेवलेला आहे, त्यामुळे डायसल्फाइड पेशीद्रव्यात होतात. तिच्यासाठी सिग्नल पेप्टाइड काढलेला क्लोन लागतो. पेरिप्लाझमचा प्रयत्न फसला तर हाताशी असावी म्हणून सिग्नल नसलेला एक क्लोन सुरुवातीलाच करून ठेवणं शहाणपणाचं.

पायरी ४: कल्चर आणि इंडक्शन

ताज्या ट्रान्सफॉर्मेशनची कॉलनी घ्या. ग्लिसरॉल स्टॉकवरून थेट मोठ्या फ्लास्कला जाऊ नका. रात्रभराच्या प्री-कल्चरमध्ये ग्लुकोज घाला, म्हणजे प्रमोटर दबलेला राहतो.

अँटिबायोटिकबद्दल एक सूचना, कारण तिचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. अँपिसिलिनला तोंड देणारं बीटा-लॅक्टमेज स्वतःच सेक मार्गाने पेरिप्लाझममध्ये जातं आणि तिथून काही प्रमाणात माध्यमातही झिरपतं. काही तासांत ते माध्यमातलं अँपिसिलिन संपवतं आणि मग प्लाझ्मिड टाकून दिलेल्या पेशी मोकाट वाढतात. तुमचं प्रथिन पेशीला जड जात असेल तर अशा पेशींचीच सरशी होते. कार्बेनिसिलिन वापरा, किंवा कॅनामायसिनचं प्लाझ्मिड घ्या. प्री-कल्चर थेट ओतण्याऐवजी ते आधी सेंट्रिफ्यूज करून, जुनं माध्यम टाकून मग वापरा.

डब्ल्यूके६ मधल्या नॅनोबॉडीसाठी कृती अशी: टेरिफिक ब्रॉथ, त्यात ०.१ टक्के ग्लुकोज आणि २ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. ३७ अंशांवर ६०० नॅनोमीटरचा ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.७ च्या आसपास येऊ द्या. मग तापमान २८ अंशांवर आणा, १ मिलिमोलर आयपीटीजी (प्रमोटर चालू करणारं रसायन, यालाच इंडक्शन म्हणतात) घाला आणि रात्रभर हलवत ठेवा. टी७ प्रमोटर असेल तर १ मिलिमोलर आयपीटीजी घालू नका. ०.०२ ते ०.१ मिलिमोलर आणि १८ ते २५ अंश इथून सुरुवात करा. तापमान खरोखर उतरल्यावरच इंड्यूस करा. मोठा फ्लास्क शेकरमध्ये थंड व्हायला वेळ घेतो, आणि गरम कल्चरमध्ये आयपीटीजी पडलं की पहिल्या अर्ध्या तासातच दारं तुंबतात.

फ्लास्कच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त माध्यम भरू नका. ऑक्सिजन कमी पडला तरी डीएसबीबी दुसऱ्या क्विनोनवर काम चालवतो, पण पेशींचं चयापचय बदलतं आणि प्रयोगागणिक निकाल डुलायला लागतात.

थेट एक लिटरला हात घालू नका. आधी १० मिलिलिटरमध्ये दोन तापमानं आणि आयपीटीजीच्या दोन पातळ्या अशा चार नळ्या चालवा, आणि सोबत इंड्यूस न केलेली एक. प्रत्येक नळीचा शेवटचा ओडी लिहून ठेवा. इंडक्शननंतर ओडी वाढलाच नाही तर जेल चालवायच्या आधीच कळतं की पेशी गुदमरल्या आहेत.

पायरी ५: ऑस्मॉटिक शॉक

पेरिप्लाझमचा मोठा फायदा असा की पेशी न फोडता फक्त बाहेरचं पटल सैल करून प्रथिन काढता येतं. पेशीद्रव्यातली हजारो प्रथिनं आतच राहतात आणि पुढचं शुद्धीकरण सोपं होतं. पण हात हलका हवा.

टीईएस बफर बनवा: ०.२ मोलर ट्रिस, पीएच ८.०, ०.५ मिलिमोलर ईडीटीए, ०.५ मोलर सुक्रोज. ईडीटीए बाहेरच्या पटलातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ओढून घेतं, त्यामुळे तिथल्या लिपोपॉलिसॅकराइडची पकड ढिली होते. सुक्रोजमुळे पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि आतलं पटल आक्रसतं. एक लिटर कल्चरच्या पेलेटला १५ मिलिलिटर थंड टीईएस घाला आणि पिपेटने सावकाश वरखाली करत एकही गुठळी राहणार नाही असं मिसळा. व्होर्टेक्स करू नका. बर्फात तासभर हळूहळू हलवत ठेवा.

मग चौपट पातळ केलेलं टीईएस ३० मिलिलिटर घाला. बाहेरची तीव्रता एकदम घटते, पेशी फुगतात आणि पेरिप्लाझममधला ऐवज सैल झालेल्या पटलातून बाहेर पडतो. आणखी पाऊण ते एक तास बर्फात ठेवा, नंतर ४ अंशांवर १०,००० जी ने ३० मिनिटं फिरवा.

आता नळी उजेडात धरून पाहा. सुपरनॅटंट स्वच्छ असला आणि पिपेटमधून पाण्यासारखा पडला तर काम ठीक झालं. तार सुटत असेल, चिकट लागत असेल तर तो डीएनए आहे, म्हणजे पेशी फुटल्या. पेलेट घट्ट बसण्याऐवजी शेंबडासारखा घसरत असेल तरीही तोच अर्थ. असा नमुना शुद्धीकरणाला कदाचित चालेल, पण ‘माझं प्रथिन पेरिप्लाझममध्ये आहे’ असा दावा त्यावरून करता येणार नाही. कोणत्या भागात काय आहे हे तपासायचं असेल तर पेलेट गोठवू नका. गोठवून वितळवलं की आतलं पटलही फुटतं.

निकेलच्या कॉलमवर जाण्याआधी डायलिसिस करून ईडीटीए काढून टाका, नाहीतर ते कॉलममधलं निकेल ओढून नेईल आणि निळं रेझिन डोळ्यांदेखत पांढरं पडेल. आणि कोणत्याही बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घालू नका. जे बंध जुळवण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच त्याने तुटतील.

पायरी ६: अडलंय कुठे?

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सर्रास टाळली जाते तीही हीच. उत्पादन कमी आलं की लोक लगेच सिग्नल बदलतात, स्ट्रेन बदलतात, आणि महिने निघून जातात. आधी प्रथिन कोणत्या टप्प्यावर थांबलंय ते पाहा. त्यासाठी एका जेलवर पाच लेन लावा: अख्ख्या पेशी, माध्यम, पेरिप्लाझम, शॉकनंतर उरलेल्या पेशी फोडून मिळालेला विरघळलेला भाग आणि न विरघळलेला गाळ. पाचही लेनमध्ये तितक्याच पेशींमधला माल यावा, म्हणून प्रत्येक भाग सारख्या अंतिम आकारमानाला आणा. त्याच नमुन्यांवर वेस्टर्न ब्लॉटने (प्रतिपिंडाने ठरावीक प्रथिन शोधण्याची पद्धत) ग्रोईएल आणि माल्टोज बांधणारं प्रथिनही तपासा. पहिलं पेशीद्रव्याचं, दुसरं पेरिप्लाझमचं. ग्रोईएल पेरिप्लाझमच्या लेनमध्ये दिसलं तर ते विभाजन रद्द समजा.

जेल १५ टक्क्यांचं घ्या आणि लांब चालवा. सिग्नल पेप्टाइडचं वजन सुमारे २ किलोडाल्टन असतं, म्हणजे सिग्नल असलेली नॅनोबॉडी १७ च्या आसपास आणि कापलेली १५ च्या आसपास दिसेल. कुठे अडलंय ते या छोट्या फरकावरून कळतं.

गाळात वरचा बँड, म्हणजे सिग्नलसकट प्रथिन सापडलं, तर ते दारापलीकडे गेलंच नाही. वेग कमी करा, आयपीटीजी घटवा, ऱ्हॅम्नोज वाढवा, डीएसबीएचा सिग्नल वापरून पाहा.

गाळात खालचा बँड सापडला तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. प्रथिन पलीकडे पोचलं, सिग्नल कापला गेला आणि मग घडी न बसल्यामुळे ते पेरिप्लाझममध्येच गोळा झालं. इथे सिग्नल बदलून उपयोग नाही, इलाज घडीवर करायचा. कागदावर ‘इन्क्लुजन बॉडी’ असा एकच शेरा मारून या दोन अवस्था एकत्र केल्या जातात, आणि पुढची सगळी वाट तिथेच चुकते.

शॉकनंतरच्या विरघळलेल्या भागात खालचा बँड असेल तर माल्टोज बांधणारं प्रथिनही तिथेच आहे का ते पाहा. तेही तिथेच राहिलं असेल तर शॉक अपुरा पडला. ते बाहेर आलं आणि तुमचं आलं नाही, तर तुमचं प्रथिन पटलाला चिकटून बसलं असणार. विरघळलेल्या भागात वरचा बँड मोठा दिसला तर निर्यात तुंबली आहे. वरचा बँड पटलांच्या भागात अडकून राहिला तर कापण्याच्या जागेकडेही संशयाने पाहा.

माध्यमात प्रथिन सापडलं तर घाबरू नका. रात्रभराच्या इंडक्शननंतर बाहेरचं पटल गळतं आणि लहान प्रथिनं निसटतात. ग्रोईएल माध्यमात नसेल तर तो माल उत्तम आहे, फेकू नका. कुठेच काही दिसलं नाही तर इंडक्शननंतर एक, दोन आणि चार तासांचे नमुने घ्या. आधी दिसून मग नाहीसं होत असेल तर डीगपीसारखा प्रोटिएज ते खातो आहे. पहिल्यापासूनच नसेल तर पेशी अँटिबायोटिक असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवर पसरवून प्लाझ्मिड टिकलंय का ते मोजा.

पायरी ७: घडी बसली का, आणि बसवायची कशी

विरघळलेलं प्रथिन म्हणजे घडी बसलेलं प्रथिन, असं धरून चालू नका. सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे रिड्यूस केलेला आणि न केलेला नमुना एकाच जेलवर चालवणं. पण गरम करण्याआधी न चुकता एन-इथाइलमॅलेइमाइड घालून मोकळी सिस्टीन बंद करा, नाहीतर उकळताना बंध आपसांत अदलाबदल करतात आणि जे मुळात नव्हतं ते जेलवर दिसतं. दोन नमुन्यांच्या मध्ये एक-दोन लेन रिकाम्या सोडा, कारण मर्कॅप्टोइथेनॉल शेजारच्या लेनमध्ये पसरतं. बंध जुळलेली साखळी आवळलेली असते, म्हणून ती थोडी पुढे धावते. न रिड्यूस केलेल्या लेनमध्ये वर शिडीसारखे बँड दिसले तर वेगवेगळे रेणू एकमेकांशी चुकीचे जुळले आहेत.

शक्य असेल तर अख्ख्या प्रथिनाचं मास स्पेक्ट्रम काढून घ्या. प्रत्येक डायसल्फाइडमागे वस्तुमान सुमारे २ डाल्टनने घटतं, आणि सिग्नल नेमका कुठे कापला गेला तेही कळतं. नॅनोबॉडी ग्लुटामिनने सुरू होत असेल तर १७ डाल्टनची घट दिसू शकते. ते ग्लुटामिन स्वतःशीच वळून पायरोग्लुटामेट बनलेलं असतं, त्याची काळजी नको. सगळ्यात शेवटची परीक्षा मात्र कामाचीच: नॅनोबॉडी तिच्या प्रतिजनाला बांधते का.

घडी बसत नसेल तर आधी तापमान उतरवा आणि वेग कमी करा. निम्म्याहून अधिक प्रश्न इथेच सुटतात, असं माझं मत आहे. पुढची पायरी म्हणजे मदतनीस. प्रतिपिंडाच्या तुकड्यांसाठी स्कप आणि एफकेपीए सोबत बनवल्याने उत्पादन वाढतं, हे झुरिकच्या आंद्रेयास प्ल्युकथून यांच्या गटाने दाखवलं आहे. सिस्टीनच्या आडव्या जोड्या असतील तर डीएसबीसी घाला. मदतनीस प्रथिनंही सेकच्याच दारातून जातात, म्हणून त्यांचा प्रमोटर वेगळा आणि सौम्य ठेवा आणि ती आधी बनू द्या.

माध्यमात थोडं ग्लुटाथायोन घालण्याची युक्तीही आहे. बाहेरच्या पटलातल्या छिद्रांमधून ते आत जातं आणि चुकलेले बंध सुटायला मदत करतं. ही युक्ती ज्या प्रथिनावर दाखवली गेली ते आपल्या घरचं आहे. १९९३ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये वुंडरलिख आणि ग्लॉक्सहुबर यांनी नाचणीच्या दाण्यातला अमायलेज आणि ट्रिप्सिन दोन्हींना रोखणारा प्रथिन-रेणू ई. कोलायमध्ये बनवला. त्यात पाच डायसल्फाइड आहेत. डीएसबीए जास्त बनवून आणि माध्यमात ग्लुटाथायोन घालून योग्य घडीच्या रेणूचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. नुसता डीएसबीए वाढवून तेवढं साधलं नाही. बंध जुळवणारा आहे आणि चूक दुरुस्त करणारा नाही, अशी अवस्था असेल तर काय होतं, हे त्या प्रयोगावरून चांगलं समजतं.

सेक सोडून इतर वाटा

प्रथिनाला घडी बसताना पेशीद्रव्यातलाच एखादा कोफॅक्टर (प्रथिनाला कामासाठी लागणारा जोडीचा रेणू) लागत असेल, किंवा घडी इतकी झटपट बसते की सेकला पकडताच येत नाही, तेव्हा टॅट मार्गाचा विचार करा. त्याच्या सिग्नलमध्ये शेजारी-शेजारी दोन आर्जिनिन असतात (टॉरए हा नेहमीचा) आणि तो घडी बसलेली प्रथिनंच नेतो. घडी नसलेली बऱ्याच वेळा नाकारली जातात. त्याची क्षमता सेकच्या मानाने कमी आहे, म्हणून पहिली पसंती मी त्याला देणार नाही.

माध्यमातच माल हवा असेल, तोही मोठ्या प्रमाणावर, तर बॅसिलस सबटिलिसकडे वळा. त्याला बाहेरचं पटल नाही, सेकमधून निघालेलं प्रथिन पेशीभित्तिकेतून थेट बाहेर येतं, आणि धुण्याच्या पावडरीतले प्रोटिएज नि अमायलेज याच कुळातल्या जिवाणूंकडून बनवून घेतले जातात. तिथे घडीला पीआरएसए मदत करतो. त्रास असतो प्रोटिएजांचा, म्हणून आठ प्रोटिएज काढून टाकलेली डब्ल्यूबी८०० स्ट्रेन वापरतात. डायसल्फाइडच्या बाबतीत मात्र ई. कोलाय अधिक भरवशाचं.

निसर्गाने पेरिप्लाझमचा वापर किती चोख केला आहे ते पटकीच्या जिवाणूत दिसतं. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात ज्या विषाचं अस्तित्व दाखवलं, त्याचे घटक सेकमधून एकेक करून पेरिप्लाझममध्ये येतात, तिथे त्यांचे डायसल्फाइड जुळतात, अख्खा संच बांधला जातो, आणि मगच टाइप २ ही यंत्रणा तो तयार संच बाहेरच्या पटलापलीकडे सोडते.

शुद्धीकरण आणि मोठं कल्चर

डायलिसिस झालेला पेरिप्लाझमचा अर्क निकेल कॉलमवर आणि त्यानंतर साइज एक्सक्लुजनवर (आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमवर) घ्या. नॅनोबॉडीचा एकच सुबक पीक यायला हवा. सुरुवातीलाच, व्हॉइड आकारमानाजवळ, मोठा पीक आला तर ते गोळे आहेत. ते मोजणीत धरू नका, नाहीतर ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ हा आकडा फसवा ठरतो. चांगल्या नॅनोबॉडीला फ्लास्कमध्ये एक लिटरमागे १ ते १० मिलिग्रॅम ही नेहमीची पातळी. त्याहून कमी आलं तर पाच लेनच्या जेलकडे परत जा.

फर्मेंटरवर जाताना १० मिलिलिटरमध्ये ठरवलेलं तापमान आणि आयपीटीजी तसंच्या तसं लागू पडेल असं धरू नका. पेशींची घनता वाढली की इंडक्शनच्या वेळचा वाढीचा वेग बदलतो आणि दारांवरचा भारही बदलतो. प्रत्येक फर्मेंटर बॅचमधून पाचही भागांचे नमुने गोठवण्याआधीच वेगळे काढा, एन-इथाइलमॅलेइमाइड घालून लेबल लावा आणि उणे २० ला ठेवा. लेबलवर ओडी, तापमान आणि इंडक्शनची वेळ लिहा.